सौंसरचे तिरपे टेप

नथ्थूजींना वरण खारट झालं म्हणून सांगायची सोय नव्हती. एकदा मी सांगितलं. त्यांनीच रांधलं होतं आणि वाटीभर मला चाखायला दिलं होतं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, नाहीतर वरणात पाणी घातलं असतं. नथ्थूजी वाटी घेऊन समोरच्या घरी गेले. समोरची म्हणाली, मीठ बरोबर आहे. मग ते गल्लीच्या टोकाला जाऊन एका म्हाताऱ्याला चाखवून आले आणि माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, दोघं म्हणते बराबर हाय. खोट वरणात नाई, तुमच्या जिभेत हाय."

मी सकाळपासून पान चघळत होते हे खरं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

हा माणूस सौंसरात टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. माझ्या घराची रस्त्याकडची खोली मी त्यांना भाड्यानं दिली होती. तिथंच राहायचे, तिथंच दुकान. मुलताईकडून आले होते एवढंच ठाऊक. आमच्या समाजाचे नव्हते. आमच्या मोहल्ल्यात खोली घेतली तेव्हा बाजारातल्या लोकांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तिथं काहून राहता म्हणून. ते म्हणाले, "खोलीले मोठी खिडकी हाय. मले बारीक कामाले उजेड पाह्यजे." त्यांच्या लेखी विषय संपला.

टेपचा आवाज खराब आला की खोट एक तर कॅसेटमध्ये असते नाहीतर मशीनमध्ये. कुठं आहे हे कसं कळणार? तर तीच कॅसेट दुसऱ्या मशीनवर लावायची, तिथंही संशय राहिला तर तिसऱ्या. ही त्यांच्या धंद्याची रीत. पण माणसानं धंदा दुकानात ठेवावा. नथ्थूजींचं प्रत्येक गोष्टीत एकच, "तिसऱ्या मशीनवर लावून पाहू." शेजारी सासू-सुनेचं रोज वाजायचं. सासू यांच्याकडं गाऱ्हाणं घेऊन आली. यांनी शांतपणे सल्ला दिला, "मावशी, सून आठ दिवस दुसऱ्या सासूकडं ठेवून पाहा. तिथंबी वाजली तर खोट सुनेत. नाई वाजली तर मग तुमाले उघडून पाहावं लागते." मावशी नंतर कितीतरी दिवस आमच्या घरावरून जाताना तोंड फिरवून जायची.

दुसरं खूळ जोडीचं. एकटी कॅसेट म्हणजे कॅसेट नाही, असं ते म्हणायचे. कोणी लग्नाची गाणी, लेकराचे बोबडे बोल भरून घ्यायला आलं की ते दोन कॅसेटी भरायचे. एक गिऱ्हाइकाला, एक आपल्याकडं बिस्किटाच्या डब्यात. फीत तुटली, उंदरानं खाल्ली, तर असू द्यावी. कंदील दोन, कंगवे दोन. कुलपाची एक चाबी माझ्याकडं ठेवली होती आणि मधूनमधून स्वतः कुलूप लावून बाहेर उभे राहायचे.

"बाई, तुमच्याजवळच्या चाबीनं उघडा."

"तुमच्या हातात हाय न चाबी."

"चाबी ठेवली म्हणजे झालं नाई. तिनं कुलूप उघडलं पाह्यजे. उघडून पाहिल्याबिगर कसं मानायचं?"

हातातलं पीठ धुऊन मी कुलूप उघडायची. ते मान हलवायचे आणि आत जायचे.

ते दिवस टेपरेकॉर्डरचे होते. संत्र्याचा बहार साधला की वावरवाला आधी टेप आणायचा, मग घरावरचे कवेलू फेरायचा. कोणाचा नागपूरहून आणलेला, कोणाला लग्नात मिळालेला, कोणाच्या जावयानं परदेशातून आणलेला. बिघडले की सगळे नथ्थूजींकडं यायचे, कारण सौंसरात दुसरा कोणी नव्हता. रामाकोन्याचेही इथंच यायचे.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी चौथी शिकले. संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावर जायची. पण बुद्धवंदना मला पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ होती आणि आवाज खणखणीत होता. हे मीच सांगते, आता दुसरं सांगणारं कोणी उरलं नाही. पौर्णिमेला विहारात वंदना मी म्हणायची. बारसं असो की मयत, मलाच बोलावणं. रामाकोन्याहून यायचं, पांढुर्ण्याहून यायचं, जाम नदीपलीकडं सावरगावला माझी लेक दिली होती तिथूनही यायचं.

मग गळ्याला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, पोळा झाला की ऑपरेशन करू, गाठ निघेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. मी घरी येऊन नथ्थूजींना सांगितलं. भाडेकरूला सांगून ठेवलेलं बरं.

त्यांनी हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवला. "आवाज जाईल?"

"जाईल नाईतर राहील. गेला तर मोहल्ल्याले आराम."

"अन् वंदना?"

"दुसरं कोणी म्हणेल."

"कोण?"

मोहल्ल्यातल्या पोरींना तुकडे यायचे. मधूनच सुरू करायच्या आणि भलतीकडं निघून जायच्या. रामाकोन्यात आणि सावरगावात तर तेवढंही नव्हतं. माझा आवाज गेला तर तिथं काय होणार हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नथ्थूजींनी मला टेपसमोर विहारात बसवलं. आधी पारवे हाकलले. मग बाहेर बांधलेल्या बकरीच्या गळ्यातली घंटी सोडून खिशात टाकली. जिनिंग मिलचा भोंगा कधी वाजतो ते विचारून आले. बकरीवाली ओरडत आली तर तिला म्हणाले, "घंटी सांजच्याले देतो. बकरी कुठं पळून जात नाई, पण आवाज पळून जाते." एवढं झाल्यावर मी वंदना म्हटली. सगळी, सावकाश, कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून. त्यांनी लगेच आपला दुसरा टेप तारेनं जोडून तिची जोडी काढली.

मला वाटलं झालं. पण नथ्थूजींचं कुठं होतं? सौंसरात वाजली म्हणजे वाजली असं नाही, जिथं जिथं जाणार तिथं तिथं लावून पाहायची.

रामाकोन्याला लावली तर आतून बाप्या बोलायला लागला. जाडा, सुस्त, नुकताच जेवून उठल्यासारखा. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "सुभद्राबाई, ऑपरेशनच्या आधीच मिशा आल्या वो तुमाले." नथ्थूजींनी टेपचं मागचं झाकण काढलं, सेल उतरले होते ते बदलले, आणि मी परत बाई झाले. नथ्थूजी खूश.

सावरगावला वेगळंच. लेकीच्या टेपवर आवाज माझाच होता, पण तोंडावर गोधडी घेऊन बोलल्यासारखा. शब्द कळेना. नथ्थूजींनी कापसाला स्पिरिट लावून पुसलं. तेच. सेल पाहिले, नवे होते. मग त्यांनी आतला एक बारीक स्क्रू फिरवला आणि माझा आवाज एकदम मोकळा झाला. ते माझ्याकडं पाहून हसले. तेवढ्यात लेकीनं आपली बाजारातून आणलेली गाण्याची कॅसेट लावली. आता ती गोधडीत गेली.

"काकाजी, माहा चांगला टेप बिघडवला तुम्ही," लेक म्हणाली.

त्यांनी स्क्रू मागं फिरवला. गाणं मोकळं, मी गोधडीत. पुढं फिरवला. मी मोकळी, गाणं गोधडीत. असं चाललं होतं. शेवटी लेकीनंच टेप उचलून फळीवर ठेवला.

"तिसऱ्या मशीनवर लावून पाहू," नथ्थूजी म्हणाले आणि आम्ही नदी ओलांडून पांढुर्ण्याला मुन्नाभाऊच्या दुकानात गेलो. मुन्नाभाऊ तिथला टेप दुरुस्त करणारा. तोंडात सुपारी, डोक्यावर टोपी, जिभेला हाड नाही. कॅसेट लावली. गोधडी.

"सौंसरची हाय का?" मुन्नाभाऊनं विचारलं. "मंग बराबर हाय. सौंसरची कॅसेट आली का गिऱ्हाईक म्हणते, भूत बोलून राह्यलं."

"मशीन पाहा तुमची," नथ्थूजी म्हणाले.

"माही मशीन? अजी, सावरगाव अन् पांढुर्णा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकाले गोटे मारते, डोस्के फोडते, पण कॅसेट दोन्हीकडं एकच आवाज देते. तुमच्या सौंसरचंच काय बिघडलं ते पाहा."

नथ्थूजींनी त्याच्याकडून एक नवी, बंद पाकिटातली गाण्याची कॅसेट घेतली. त्याच्याच मशीनवर वाजवून पाहिली, छान वाजली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले आणि सौंसर येईपर्यंत खाली ठेवली नाही.

खोलीत येऊन त्यांनी ती कॅसेट आपल्या टेपवर लावली. गोधडी.

मी म्हटलं, "फसवलं तुमाले मुन्नाभाऊनं."

"तिथं वाजवून आणली न, बाई." बाजारातली कॅसेट सौंसरात घुम्म वाजते हे गावाला माहीत होतं. नथ्थूजीच सांगायचे, कंपनीवाले आजकाल माल खराब काढून राहिले. आता त्यांनी आपला टेप उघडला, भिंग लावून आत पाहिलं, आणि भिंग तसंच डोळ्याला धरून बसून राहिले.

"माह्या टेपचं तोंड तिरपं हाय," ते म्हणाले.

त्यांनी मला समजावलं तसं सांगते. टेपच्या आत एक हेड असतं, तेच त्याचं तोंड. फीत त्याच्यासमोरून सरकते. ते फितीला सरळ टेकलं पाहिजे. केसभर तिरपं टेकलं तर ते तिरपं लिहितं, आणि वाचतंही तसंच तिरपं. म्हणून आपलं लिहिलेलं आपल्याला छान ऐकू येतं. सरळ तोंडाच्या मशीनला मात्र ते वाचता येत नाही.

"मंग आपल्या गावात कसं सगळ्यायच्या घरी चांगलं वाजते?"

"सगळ्यायचे तोंड म्याच बसवले न, बाई. माह्याच कॅसेटी लावून."

म्हणजे या माणसानं सगळं सौंसर तिरपं करून ठेवलं होतं. आणि तिसरी मशीन, तिसरी मशीन म्हणून जन्मभर जिथं जिथं लावून पाहत आले, ते दुसरे, तिसरे, पंधरावे, सगळे टेप त्यांच्याच पेचकसाखालून गेलेले. कोणता टेप त्यांना खोटं ठरवणार होता? मी हसले. हसू आलं तर मी हसते. ते हसले नाहीत.

"तोंड सरळ करतो. तुम्ही उद्या वंदना परत म्हणा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बसले. थोडी म्हटली आणि आवाज फाटला. पाणी प्यायले, परत म्हटली, परत फाटला. गाठ आपलं काम करत होती. नथ्थूजींनी टेप बंद केला. म्हणजे चांगल्या आवाजातली वंदना आता एकाच ठिकाणी होती, त्या पहिल्या कॅसेटमध्ये. जोडी होती, पण तीही तशाच तिरप्या तोंडानं लिहिलेली. जोडीचा काय उपयोग?

मी व्यवहाराचं बोलले. "एक तिरपी राहू द्या सौंसर-रामाकोन्यासाठी. बाहेरच्यासाठी एक सरळ करा. झालं."

"अन् उद्या इथं कोणी नवा टेप आणला तर? रामाकोन्याची पोरगी लग्न होऊन दुसऱ्या गावाले गेली तर? तुमचा आवाज माह्या स्क्रूच्या भरवशावर नाई राहिला पाह्यजे, बाई. सगळं सरळच करावं लागते."

सगळं म्हणजे सगळं गाव. आणि तेही सोपं नव्हतं. टेप सरळ केले की लोकांच्या घरातल्या नथ्थूजींनी भरून दिलेल्या जुन्या कॅसेटी गोधडीत जाणार. म्हणून आधी त्या तिरप्यावर वाजवायच्या, तारेनं जोडून सरळ मशीनवर उतरवायच्या, आणि मग त्या घरचा स्क्रू फिरवायचा. त्यासाठी नथ्थूजींनी आपला सरळ केलेला टेप जुनी कॅसेट लावून परत तिरपा केला. सरळ टेप मुन्नाभाऊ घेऊन आला. बसमधून, मांडीवर, फडक्यात बांधून.

"घ्या. सौंसरवाल्यायले सरळ करायचं म्हणून आणला, नाईतर देत नव्हतो," म्हणाला, आणि पहिल्यांदा माझी वंदना उतरून निघेपर्यंत बसून राहिला. आपल्या टेपवर ती खणखणीत वाजली तेव्हा सुपारी चघळायची थांबली त्याची.

मग घरोघरी. मी सोबत गेले, कारण नथ्थूजी माफी मागताना फार लांबवायचे. हेड, फीत, केसभर तिरपं, असं सगळं पहिल्यापासून. लोकांचा चहा निवायचा. मी मागून सांगायची, "यायनं तुमचा टेप तिरपा केला होता, आता सरळ करून राह्यले. कॅसेटी काढा."

कोणी हसायचं. कोणी भडकायचं. इतकी वर्षं कंपनीच्या कॅसेटींना नावं ठेवली म्हणून एकानं त्यांना दारातच उभं ठेवून सुनावलं. एक संत्र्याच्या बागेवाला तर टेपवर हात ठेवूनच बसला. "माह्या मायचा आवाज हाय यात. हा टेप तिले ओळखते. तुम्ही हात लावू नका."

"तुमच्या मायले आधी सरळ उतरवतो. तुम्ही ऐका. पसंत पडली तरच स्क्रू फिरवतो," नथ्थूजी म्हणाले. तो ऐकायला आमच्या घरी आला. ऐकलं आणि उठून खिडकीशी गेला. मग म्हणाला, "फिरवा."

सगळीकडं नथ्थूजी एक वाक्य मात्र न लांबवता बोलायचे. "खोट माह्यात होती."

पोळ्यापर्यंत अर्धं गाव सरळ झालं. उरलेलं मी नागपुरात असताना. गाठ निघाली. आवाज गेला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आधीच सांगितलं होतं. उरलं ते सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसं. तेही काही दिवस वापरू नका म्हणाले.

त्यानंतरच्या पौर्णिमेला मी विहारात पहिल्यांदा बायकांमध्ये तोंड मिटून बसले. टेप लावला. टेपमधली बाई चांगली म्हणत होती. एका ठिकाणी श्वास चुकला होता, तो मलाच कळला. पोरी तिच्यामागून म्हणत होत्या आणि मधूनच भलतीकडं जात नव्हत्या. सावरगावहून लेकीचा निरोप आला, तिकडंही त्याच दिवशी लावली, शब्द न् शब्द कळला. पांढुर्ण्याला वंदना लावायला मुन्नाभाऊनं आपला लाउडस्पीकरचा भोंगा दिला. आज त्या पोरींच्या पोरी वंदना म्हणतात आणि त्यांना टेप लागत नाही. मी उपकाराची भाषा कमी बोलते. पण हे नथ्थूजींनी केलं, आणि माझ्यासाठी एवढं माझ्या रक्ताच्या माणसांनीही केलेलं नाही, हे मी कोणालाही सांगेन.

त्या दिवसांत नथ्थूजी दारात येऊन काहीबाही सांगायचे आणि थांबायचे. मी काही बोलेन म्हणून. मी हातानं जा म्हणायची. ते जायचे.

एका दुपारी मी भाजी-भाकरीचं ताट घेऊन त्यांच्या खोलीकडं गेले. दार लोटलेलं होतं. आतून मी बोलत होते. माझा जुना आवाज, चांगला मोठा. वंदना नव्हती. मशीन तपासायला ते सारखं काही ना काही भरत असत, त्यात मी कधी दारात उभी राहून त्यांना बोलले असेन, ते आलं होतं.

"नथ्थूजी, आंगोळ केली का?"

"केली, बाई," नथ्थूजी म्हणाले. हातातलं काम चालूच होतं, पेचकसाचा आवाज येत होता. तारेवरचा टॉवेल मात्र कोरडा ठणठणीत होता.

"ते कालचे भांडे अजून तसेच दिसून राह्यले."

"घासतो न."

"माणसाचं घर हाय का मुंगसाचं बीळ हाय हे?"

यावर ते थोडे हसले. कुठं थांबायचं, कुठं बोलायचं, त्यांना सगळं पाठ होतं. कुठंही माझ्या बोलण्यावर त्यांचं बोलणं पडलं नाही.

"अन् तुमच्या घरून कोणी येत नाई का कधी? दिवाळीलेबी नाई?"

इथं ते बोलले नाहीत. पेचकसही थांबला. फीत नुसती सरकत होती, तिची सरसर मला बाहेर ऐकू येत होती. मग टेपमधली मीच म्हणाले, "बरं, नका सांगू. पोळ्या केल्या हाय, खाऊन घ्या."

"हाव," नथ्थूजी म्हणाले.

माझे दोन्ही हात ताटाला होते. मी पायानं दार लोटलं. "जेवा," म्हटलं. हवाच आली बाहेर, पण त्यांना कळलं. त्यांनी आधी टेप बंद केला, मग ताट घेतलं.

"आवाज सुधरून राह्यला, बाई," ते म्हणाले.

सुधारला नव्हता. मी उंबऱ्यावर बसले आणि त्यांचं जेवण होईपर्यंत त्याच आवाजात त्यांना बोलत राहिले.